वास आल्यावर

प्रयोगशाळेत तिला सगळे नाकबाई म्हणायचे. काम वासांचं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचं काही वाटत नसे. राग यायला कारण लागतं, आणि या नोकरीत कारणांचा तुटवडा नव्हता.

यंत्र मात्र खरोखर नामी होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर खाण उभी राहायची. कानात ड्रिलचा खडखडाट, अंगातल्या जाकिटातून धक्के आणि ऊब, पायाखाली हलणारी फळी, तोंडावर पंख्याचा दमट वारा. आणि हनुवटीखाली टांगलेल्या पेटीतून वास: ओल्या दगडाचा, डिझेलचा, वंगणाचा, माणसांच्या घामाचासुद्धा. ते सगळे वास तिने जिवापाड मेहनत करून बनवले होते.

यंत्राला गिऱ्हाइकं दोन. एक खाणीची कंपनी. नव्याने भरती झालेल्यांना खाली उतरवण्याआधी कंपनीला वरच शिकवून घ्यायचं होतं. दुसरं पर्यटन मंडळ. खाणीचा जुना भाग बघायला लोक मागत, पण तिथे कुणाला सोडता येत नसे, म्हणून त्यांना इथेच खाण दाखवायची. एक शिकायला येणार, दुसरा मजा करायला. दोघांना एकच खेळ पुरेल, ही अक्कल संचालकांची.

हे संचालक दर वाक्यात एकदा तरी ‘अनुभव’ म्हटल्याशिवाय श्वास घेत नसत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना अनुभवसम्राट म्हणत. समोर अर्थात सर.

भांडण होतं ते एका वासावरून. खाणीत खाली आग लागली, विषारी वायू सुटला, तर सगळ्यांना कळवायचं कसं? ड्रिलच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही, वळणावळणाच्या बोगद्यांत दिवा दिसत नाही. पण वरून सोडलेली हवा सगळीकडे पोचते. म्हणून त्या हवेतच एक भयंकर घाण वास मिसळतात, कोबी कुजून आठवडा झाल्यासारखा. त्याला इशाऱ्याचा वास म्हणतात. तो आला की हातातलं काम टाकायचं, कमरेचा श्वासाचा डबा काढून तोंडाला लावायचा आणि आसरा खोली गाठायची. तिथे दार घट्ट बंद होतं आणि आत वेगळी हवा असते. कुणाला विचारत बसायचं नाही. नाकाने सांगितलं की पायांनी चालू पडायचं.

तिने यंत्रात हे सगळं घातलं होतं. आधी वास, मग डबा, मग आसरा खोलीपर्यंतची चाल. सम्राटांनी वास ठेवला आणि पुढचं सगळं कापलं. पर्यटकांना अंधारात चालताना गरगरतं, म्हणाले. शिवाय शेवट थरारावर व्हायला हवा. त्यामुळे आता वास आला की खेळ संपायचा. दिवे लागायचे, हेडसेट उतरायचा, सहायक मुलगी हसून ‘छान’ म्हणायची आणि नाकातोंडातली घाण जावी म्हणून हातावर पेपरमिंटची गोळी ठेवायची. गोळीही सम्राटांच्याच डोक्यातली. अनुभवाचा शेवट गोड व्हावा.

एका सकाळी ती भिंतीला टेकून नव्या भरतीच्या पोरांकडे बघत होती. पेटीतून वास सुटला. मुलीने अजून ‘छान’ म्हटलं नव्हतं, दिवेही लागले नव्हते, तोच एकेकाचा हात डोक्याकडे गेला. हेडसेट उतरले. मग तळहात पुढे आले. चेहऱ्यांवर शाळा सुटल्यासारखा आनंद. तिच्या काळजात चर्र झालं, कारण त्या रांगेत तिसरा होता तो तिचा सख्खा धाकटा भाऊ.

ती तडक सम्राटांच्या खोलीत गेली.

“सर, ही पोरं वास आल्यावर हुश्श करतात.”

“म्हणजे ओळखतात ना? आकडे बघा बाई. सगळेच्या सगळे ओळखतात. इतका परिणामकारक अनुभव आजवर कुणी दिलेला नाही.”

“ओळखून करतात काय, ते कुणी मोजलंय? आपण त्यांना वास आला की सगळं काढून ठेवायला शिकवतोय. गोळी देऊन.”

“तोंडी परीक्षेत सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलंय. डबा, आसरा खोली, सगळं.”

“खाली तोंडी परीक्षा नसते, सर. निदान सराव बोगद्यात एकदा घेऊन बघा. खरा बोगदा, खरा वास.”

“बघू की. आधी कार्यक्रम होऊ दे. पर्यटन मंडळाचे लोक येतायत, कंपनीचे येतायत. त्यांच्या सुरक्षा अधिकारी बाई त्याच दिवशी मान्यता देणार आहेत. एकदा ती मिळाली की सराव बोगद्याचा खर्चच वाचतो त्यांचा. पोरं थेट खाली.”

“म्हणजे सराव कधीच नाही.”

“तुम्ही ना,” सम्राट हसून म्हणाले, “फार नाक खुपसता.”

हा विनोद त्यांनी याआधीही केला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाच्या जिवाची गोष्ट सांगायला जावं आणि समोरच्याने आपल्याच टोपणनावावर कोटी करून चहा मागवावा, याला काय म्हणायचं? तिने चहा घेतला नाही. दार आपटलं, तेही नीट आपटलं नाही, कारण त्या दाराला हळू मिटण्याची स्प्रिंग होती. त्याचाही तिला संताप आला.

घरी धाकटा खुशीत होता. आई त्याचे कामावरचे नवे बूट पुन्हा पुन्हा पुसून ठेवत होती.

“मला आता काळजी नाही बाई,” आई तिला म्हणाली. “तुझ्याच यंत्रात शिकून चाललाय. तू असल्यावर कसली भीती?”

तिने हातातला घास ताटात ठेवला. तिने भावाला विचारलं, “इशाऱ्याचा वास आल्यावर काय करायचं?”

“काम टाकायचं, डबा तोंडाला, आसरा खोली,” तो घडाघडा म्हणाला. “ताई, झोपेत विचारलंस तरी सांगेन.”

“सांगशील रे. करशील का?”

“आता माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझं आणि तुझ्या सरांचं काय ते तुम्ही बघा.”

“आल्या आल्या पोराच्या मागे लागू नकोस,” आई म्हणाली. धाकट्याने मोठ्या विजयाने तिच्या ताटातली पोळी उचलली.

कार्यक्रम सराव बोगद्यातच ठेवला होता, फोटो चांगले येतात म्हणून. डोंगराच्या पोटात खणलेला आखूड बोगदा, वर हवेचा नळ, टोकाला आसरा खोलीचं लाल दार. आत शिरताना नियमाप्रमाणे प्रत्येकाला हेल्मेट आणि कमरेला श्वासाचा डबा. पाहुण्यांनी तो दागिन्यासारखा मिरवत सेल्फी काढले. नवी पोरं रांगेत उभी होती आणि धाकटा सगळ्यात पुढे, कारण नाकबाईंचा भाऊ म्हणून सम्राटांनी त्याला मुद्दाम तिथे उभं केलं होतं. जिच्या तोंडाला कुलूप घालायचं तिच्याच घरचं माणूस शोभेला. हे तिला बरोबर कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सम्राटांचं भाषण चालू झालं. अनुभव, अनुभूती, पुन्हा अनुभव. कंपनीच्या सुरक्षा अधिकारी एका बाजूला गप्प उभ्या होत्या. या बाई तरुणपणी स्वतः खाली काम केलेल्या, असं ती ऐकून होती. पण त्या तरी काय, मान्यता द्यायलाच आल्या होत्या.

“आजपासून,” सम्राट म्हणाले, “या तरुणांना अशा अंधाऱ्या बोगद्यात घाम गाळायची गरज उरलेली नाही.”

बोगद्याच्या तोंडाशी, हवेच्या नळाला जोडलेली सरावाची टाकी होती. इशाऱ्याचा वास भरलेली. त्यात अपाय काही नसतो, नुसती घाण. ती ठेवलेलीच यासाठी होती आणि कित्येक महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता. नाकबाई सरळ चालत तिथपर्यंत गेली. कुणी अडवलं नाही, कारण सगळे टाळ्या वाजवत होते. झडपेचं चाक गंजून घट्ट झालं होतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि इतक्या दिवसांचा सगळा राग त्या चाकावर काढला.

मग ती परत फिरून भावाकडे बघत उभी राहिली. आपलं खोटं ठरावं, असं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं. जा, असं ती मनात म्हणत होती. जा रे बाबा, पळ, मला तोंडावर पाड सगळ्यांसमोर.

वास पोचला. पाहुण्यांनी रुमाल काढले, कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. पोरांच्या नाकपुड्या हलल्या.

आणि धाकट्याचा हात डोक्याकडे गेला. त्याने हेल्मेट उतरवून काखेत धरलं. मागच्यानेही उतरवलं. बघता बघता सगळी रांग बोडक्या डोक्याने उभी राहिली. एकाचाही हात कमरेकडे गेला नाही. चेहऱ्यांवर तोच आनंद, शाळा सुटल्याचा.

“बघा,” सम्राट पाहुण्यांना म्हणाले, “क्षणात ओळखला. याला म्हणतात अनुभव.” आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

धाकट्याला गर्दीत ताई दिसली. त्याने हसून तळहात पुढे केला.

“ताई, गोळी?”

तिने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. आवाज बोगद्यात घुमला आणि टाळ्या थांबल्या. तो खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्याने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, काखेतल्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

“मला माहीत होतं गं,” तो म्हणाला. “मला सगळं पाठ होतं.”

तिने त्याच्या कमरेचा डबा हिसडून काढला, झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडाला लावला. पट्टा तिने नीट आवळला. मग त्याचं मनगट धरलं आणि गर्दीतून, पाहुण्यांना खांद्याने बाजूला सारत, त्याला ओढत लाल दाराकडे नेलं. सम्राट मागून काहीतरी म्हणत होते. तिने वळून पाहिलं नाही.

आसरा खोलीचं दार आधीच उघडं होतं. आत सुरक्षा अधिकारी उभ्या होत्या, डबा तोंडाला लावलेला, एक हात दाराच्या कडीवर. इतक्या माणसांतून त्या एकट्याच तिथे पोचल्या होत्या. तोंड बंद असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्या दोघांना आत घेऊन त्या तशाच दारात थांबल्या, आणि बाकीचे कधी येतात याची वाट बघत राहिल्या.