भरतीतला चेहरा

सफुराबींच्या घरात एक कायदा होता. शेजाऱ्याकडून आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण भांडं भरून द्यायचं. त्यांचा मुलगा अफान या कायद्यावर वाढला आणि या कायद्यानेच फसला.

आगरदांड्याच्या जेटीजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाइकांना तो दिवसभर शहाणपण शिकवी, की कसल्याही लिंकवर बोट ठेवू नका, ओटीपी कोणाला सांगू नका. स्वतःच्या फोनात मात्र पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं एक फुकटचं ॲप लपवलेलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तरी अगदीच बावळट नव्हता तो. खरं नाव द्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, आणि झालेलं बोलणं रोजच्या रोज पुसून टाकायचं, एवढं तो कटाक्षाने पाळायचा. अम्मी त्याच्यासाठी माणगावातली स्थळं बघत होती. तिच्या कानावर यातलं काही गेलं असतं, तर त्याला तिच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

मग 'साहिल' आला. खाडीपलीकडचा, दिघीचा. जेवलास का, डोकं दुखायचं थांबलं का, असं आपुलकीने विचारायचा. एके दिवशी त्याने न मागता व्हिडिओ कॉल लावला आणि चेहरा दाखवला. हनुवटीवर जुनी खूण, हसताना एक डोळा किंचित मिटणारा. माइक बिघडलाय म्हणून बोलणं लिहूनच चाललं होतं. समोरच्याने एवढा विश्वास टाकल्यावर अफानला राहवेना. त्यानेही फोन तोंडासमोर धरला. भांडं रिकामं कसं पाठवायचं?

पुढचे काही आठवडे तो हवेत होता. उगाच आडपडदा कशाला, प्रेमात पडला होता तो.

एका दुपारी साहिलचा पुन्हा कॉल आला. 'आत्ता दिघीच्या जेटीवर बसलोय, तुझ्या समोरच. ये ना. सुरूच्या बनामागे एक बंद बंगला आहे. एकटाच ये, कोणाला सांगू नकोस.' पडद्यावर तेच हसू होतं आणि मागे तुडुंब खाडीत होड्या डुलत होत्या. अफानने दुकानातूनच सहज मान वर केली. बाहेर ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. खाडी काही एका काठाला भरती आणि दुसऱ्याला ओहोटी अशी वाटणी करत नाही. पहिल्या कॉलमध्येही मागे हीच तुडुंब खाडी होती, पण तेव्हा बाहेरही भरती होती, म्हणून त्याला काही खटकलं नव्हतं.

त्याने लिहिलं, 'जरा डावा हात वर कर.'

पडद्यावरचा माणूस हसत राहिला. हात काही वर आला नाही.

अफानने कॉल तोडला. आपला चेहरा कोणाच्या हातात गेला, देव जाणे. पण खरं दुःख वेगळंच होतं. ज्याच्यावर जीव जडला, तो माणूस कुठे नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेला एक फोन पोचवायला तो फेरीबोटीने दिघीला निघाला. आणि कठड्याला टेकून तोच माणूस उभा! हनुवटीवर खूण, गळ्यात कुठल्याशा शाळेचं ओळखपत्र. अफानकडे त्याची नजर गेली आणि अनोळखी माणसावरून फिरते तशी पुढे गेली.

गप्प बसलं तर आपण सुखरूप. पण या बिचाऱ्याच्या चेहऱ्याचा गळ करून कोणीतरी माणसं ओढतंय, त्याचं काय? 'गिऱ्हाइकाच्या फोनात दिसलं' अशी थाप मारली, तर सगळ्या गावाने पाहिलं या धास्तीनेच तो मरायचा. खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अफान त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"तुमचा चेहरा लावून दुसराच कोणीतरी बोलतोय," तो हळूच म्हणाला. "माझ्याशीच बोलत होता."

त्या माणसाने कठडा घट्ट धरला. तुम्ही कोण, हेसुद्धा विचारलं नाही. "बंगल्यावर गेलात?"

"न्हाय."

"बरं झालं. एक जण गेला होता. चौघांनी बेदम मारलं त्याला. पुढे श्रीवर्धनच्या बाजारात मी त्याच्या दृष्टीस पडलो, आणि त्याने भर गर्दीत माझ्या तोंडात भडकावली. कशासाठी, ते लोकांना ना त्याला सांगता आलं, ना मला. बंगल्याचं मागाहून त्यानेच मला सांगितलं."

मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी जेटीवर बसून तोही असाच एकाशी व्हिडिओ कॉलवर बोलला होता, आणि तेच चोरून टिपलं गेलं होतं. धमक्या सुरू झाल्यावर घाबरून त्याने सगळं पुसलं. पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेला, पण दाखवायला हातात काही नाही म्हणून परत फिरला.

तो बोलत असतानाच अफानचा फोन थरथरला. त्याच ॲपवर अफानचाच फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं, 'उद्या बंगल्यावर ये. नाहीतर हा गावाच्या ग्रुपवर जाईल.' सवयीने त्याचा अंगठा पुसायला गेला. त्या माणसाने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका. मी पुसलं, तेच चुकलं. कायद्याने आपण आता गुन्हेगार नाही. एकट्याने जायची माझी हिंमत नाही झाली. दोघं गेलो तर जमेल." मग तो म्हणाला, "मी अजित."

अफानला साहिल आठवला. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं, समोरून आधी काहीतरी आलं होतं. पण मनगटावरचा हा हात खरा होता.

"मी अफान," तो म्हणाला.

बोट दिघीला लागली. पोलीस ठाण्याच्या रस्त्याला वळता वळता अम्मीचा फोन आला.

"कुठं हाईस रे? जेवाला येतोस का न्हाय?"

"दिघीला हाय अम्मी. दोस्तासंगती. उशीर होईल."

"कोन दोस्त?"

या प्रश्नासाठी अफानकडे वर्षानुवर्षं खोटी नावं तयार असायची. आज त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"अजित."

"मग रात्री त्यालाबी घेऊन ये जेवाला," अम्मी म्हणाली.

अफान बरं म्हणाला. रात्री ताट वाढेपर्यंत तिला काय काय कळलेलं असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.