दोनशे सलग

स्प्रिंग आत्ता इथे होती — सफरचंदांच्या चित्रांच्या जुन्या टॉवेलवर, पिस्तुलाच्या नळीच्या डाव्या अंगाला, करंगळीएवढी, तेलानं चकचकीत — आणि आता नव्हती. टण् असा आवाज तेवढा झाला. मॅव्हिसनं आधी छताकडे पाहिलं, मग साखरेच्या डब्यामागे, मग गुडघ्यांची परवानगी काढून फ्रिजखाली. तिथे धूळ होती, एक वाळका वाटाणा होता, आणि लोणच्याच्या बरणीचं एक झाकण होतं, जे गेल्या ईस्टरपासून हरवलेलं होतं... घ्या! म्हणजे जे शोधायचं ते नाहीच, आणि ज्याच्यावरून हे सगळं रामायण घडलं ते मात्र हजर. ती जमिनीवर बसल्या बसल्याच हसली. सदुसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात रांगणाऱ्या बाईला दुसरं करता तरी काय येतं?

ईस्टरच्या जेवणाला रोंडा आली होती, तिची लेक, स्प्रिंगफील्डच्या इस्पितळात नर्स, एकुलती एक, आणि बोलायला लागली की वॉर्डात राउंडला निघाल्यासारखी. काकडीच्या लोणच्याची बरणी मॅव्हिसला उघडेना. एकदा पिळली, दोनदा पिळली, टॉवेल लावून पिळली. सांधे नुसते दुखले. रोंडानं बरणी हातातून घेतली, एका झटक्यात उघडली आणि झाकण ओट्यावर असं ठेवलं की जणू कोर्टात पुरावा. "आई, तुला बरणी उघडत नाही. इथून शेरीफची गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. उद्या कुणी दार फोडून आत आलं तर तू काय करणार आहेस, त्याला ॲपल पाय देणार आहेस खायला?" आणि मग तिच्या घरातली ती मोकळी खोली, ते नवे पडदे, ते बाथरूममधले धरायचे दांडे... दांडे! रोंडा बोलायची थांबली, आणि ती शांतता भरायला मॅव्हिसच्या तोंडून नको ते निघून गेलं. "ओरेनचे दोनशे करून दाखवीन," ती म्हणाली. "जूनच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. नाही झाले तर बांधाबांध करून तुझ्याकडे येते. शब्द."

शब्द म्हणजे शब्द. तो गिळता येत नाही. या भागात ओरेनचे दोनशे कुणाला सांगावे लागत नाहीत. त्याच्या नेमबाजीच्या रेंजच्या दारावर पाटीच आहे: नवं असो की जुनं, पिस्तूल दोनशे गोळ्या सलग, एकदाही न अडकता मारेपर्यंत विश्वासाचं नाही. अडकलं की पुन्हा एकपासून. एका बैठकीत मारा, महिनाभर मारा, मोजणी तुमची तुम्ही ठेवायची. पण एक अडकलं की मागचं सगळं पुसलं. गेल्या वर्षी पाद्रीबाबांचं एकशे अठ्ठ्याण्णवाव्या गोळीला अडकलं होतं. ओरेननं त्यांच्यासमोर शांतपणे फळ्यावर खडूनं शून्य काढलं, आणि पुढचे दोन रविवार प्रवचनात क्षमेचा विषय निघाला.

स्प्रिंग एप्रनच्या खिशात सापडली. कशी गेली ते तिचं तिला ठाऊक. मॅव्हिसनं ती पुसली, नळीतून ब्रश फिरवला, मग चिंधीचा तुकडा, पुन्हा एक तुकडा, पांढरा निघेपर्यंत. मग तेल — दोन्ही बाजूंच्या खाचांना एकेक थेंब, बस्स. रेंजवरच्या पहिल्या मंगळवारी तिनं एल्डनच्या पद्धतीनं तेल घातलं होतं. एल्डन, तिचा नवरा, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आला; त्याच्या मते जगात असं काही नव्हतं जे भरपूर तेल घातल्यानं बरं होत नाही, बिजागऱ्या काय नि शेजारी काय. तसं घातलं, आणि पहिल्याच गोळीला तेलाचा फवारा तिच्या चष्म्यावर. ओरेन म्हणाला होता, "बाई, हे पिस्तूल आहे, सॅलड नाही." सगळ्या बायका खो खो हसल्या. मॅव्हिसही हसली की. एल्डन असता तर सगळ्यात मोठ्यांदा हसला असता, आणि घरी येऊन पुन्हा तेवढंच तेल घातलं असतं.

पिस्तूल जुनंच घेतलेलं होतं, तळहातात मावणारं. एल्डनचं मोठं रिव्हॉल्व्हर मनगटाला लाथ घातल्यासारखं बसायचं. हे दुकानातल्या काचेखाली खालच्या फळीवर पडलं होतं, आणि तिनं ते घेतलं ते एका ठिपक्यामुळे. नेम धरायच्या पुढच्या माशीवर कुणीतरी नेलपॉलिशचा ठिपका लावलेला होता, गुलाबीसर केशरी, अर्धा उडालेला. म्हणजे आधीची मालकीण बाईच. दुकानदाराला नाव माहीत नव्हतं. पण मॅव्हिसनं तिला मनात केव्हाच उभी केली होती — शाळेची बस चालवणारी असणार, दणकट, पोरांवर ओरडणारी, आणि तरी नखं रंगवणारी... डोळे अधू व्हायला लागले तेव्हा चरफडत बसली नाही, ड्रेसिंग टेबलावरची बाटली उचलली आणि ठिपका दिला. असल्या बाईची वस्तू आपल्याला वाईट वागवणार नाही, असं तिला वाटलं होतं. वेडेपणा. पण वाटलं होतं खरं.

वागवलं मात्र वाईटच, आधी. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढवेना. तीन आठवडे ती रोज सकाळी रिकामं पिस्तूल घेऊन झगडायची, आणि ते ढिम्म. शेवटी बर्निसनं सांगितलं — बर्निस म्हणजे चर्चमधली मैत्रीण, ऐंशीची, बोटं आल्याच्या मुळीसारखी वाकडी. "अगं ओढतेस कशाला? वरचा भाग डाव्या हातात घट्ट धर, छातीजवळ, आणि उजव्या हातानं खालचं पुढे ढकल. ओढायची ताकद बाप्यांची. ढकलायची आपली. जन्मभर काय केलंस, ढकलगाड्या ढकलल्यास, पोरं ढकललीस, नवरा ढकललास!" आणि खटकन् स्लाइड मागे! मॅव्हिस त्या दिवशी रडली होती, पण ते बर्निसला सांगायचं नाही.

आज चौथा मंगळवार. मंगळवारची सकाळ बायकांची. बाहेरच्या टेबलावर भरली अंडी, पीचचा गोड पदार्थ, कॉफीचा थर्मास, आणि शेजारी आवाज अडवणाऱ्या कानटोप्यांची रांग. तीन मंगळवारांचे दीडशे झालेले. आजचे पन्नास झाले की झाले दोनशे, आणि रविवारी, मुदतीच्या दिवशी, रोंडा यायची आहे. मॅव्हिसनं गोळ्यांची पहिली सहा मॅगझिन भरून झाल्यावर अंगठा झटकला — सातवी गोळी नेहमी नखावर बसते — आणि उभी राहिली. पाय पसरून, कोपर मोकळे, मूठ अशी जशी ओलं फडकं पिळताना. ठिपका दिसला. मारली. गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडे उडाली, उन्हात चमकली, पडली. एक्कावन्न... नाही, एकशे एक्कावन्न. किती बरं वाटतं हे! कुणाला सांगायची सोय नाही, पण बरं वाटतं. श्वास, ठिपका, धक्का, पुंगळी. इतक्या वर्षांत अशी एखादी गोष्ट तरी होती का जिच्यात दुसरं काहीच आठवत नाही? केक भाजताना बिल आठवतं, प्रार्थना करताना केक आठवतो. एकशे सत्तर. एकशे ऐंशी. शेजारी बर्निस एका गोळीगणिक "हं!" म्हणत होती.

एकशे ब्याऐंशी, त्र्याऐंशी... आणि मनात रविवार आला. असाच आला, न बोलावता. रोंडा दारात उभी, ती टेबलावर दोनशे झाल्याचं, ओरेनच्या सहीचं कार्ड ठेवतेय, अगदी सहज, मिठाची बाटली सरकवावी तसं, आणि म्हणतेय — काय म्हणावं? "ते पडदे परत देता येतात का ग दुकानात?" — आणि रोंडाचा चेहरा... ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, पाहत राहिली, एकशे शहाऐंशी, किती गोड चेहरा झाला होता तिचा, लहानपणी दात पडला तेव्हासारखा —

एकशे सत्त्याऐंशीला खट् झालं. धक्का आला तो मऊ, अर्धवट. पुंगळी उडालीच नाही; स्लाइडमध्ये उभी अडकली, धुराड्यासारखी.

मॅव्हिसनं पिस्तूल समोरच धरून ठेवलं. चाप सोडला. बर्निस डोळे मिटून नेम धरत होती, तिनं काही पाहिलं नव्हतं. एक झटका दिला असता तर पुंगळी गवतात पडली असती आणि जगात कुणालाही कळलं नसतं. ...कळलं नसतं का? पुंगळी अजून गरम होती.

ओरेन मागेच उभा होता. सत्तरीचा, पँटला खांद्यावरचे पट्टे लावणारा, कधी कुणाला सोडत नाही असा माणूस. तो पुढे आला, पिस्तूल घेतलं, पुंगळी काढली, स्प्रिंगवर अंगठा दाबून पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पिस्तुलाचा दोष आहे, मॅव्हिसबाई. जुना माल. स्प्रिंग थकलीय. मी नवी टाकून देतो, तू एकशे अठ्ठ्याऐंशीपासून पुढे मोज. मी काही पाहिलं नाही."

असं म्हणाला. ओरेन! तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं की हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. घर वाचलं होतं, ओटा, मागची पायरी, एल्डनच्या हातचा तो वाकडा झुला, सगळं. मग तिनं तोंड मिटलं. पाद्रीबाबांच्या दोनच गोळ्या उरल्या होत्या, तरी यानं सोडलं नाही. माझ्या तेरा उरल्यात, तरी सोडतोय. का? रोंडानं बरणी घेतली होती ती अशाच काळजीनं. दया आली की माणसं नियम मोडतात तुमच्यासाठी, आणि तुम्ही आभार मानायचे... आणि हातात धरायचे दांडे.

"स्प्रिंग ठणठणीत आहे," ती म्हणाली. "सकाळीच एप्रनच्या खिशात उडी मारून आलीय ती. माझी मूठ सुटली, ओरेन. मूठ सैल पडली की हे असं अडकतं, तूच शिकवलंस."

"हात थकला असेल—"

"हात नाही थकला. मी इथे नव्हते. मी रविवारी होते." हे बोलेपर्यंत तिला स्वतःलाही ते नीट कळलं नव्हतं. सांध्यांनी काही केलं नव्हतं बिचाऱ्यांनी. "पाद्रीबाबांना एकपासून, मग मला का नाही? मी काय त्यांच्यापेक्षा जास्त पापी आहे?"

 ओरेननं डोक्यावरची टोपी मागे सारली, तो फळ्याकडे गेला, आणि तिच्या नावापुढे भलं मोठं शून्य काढलं. "हट्टी बाई," तो म्हणाला, पण आवाज पुन्हा नेहमीचा होता, खरखरीत. तिला तो ऐकून केवढं बरं वाटलं!

"कोण हट्टी?" बर्निसनं कानटोपी उचलून विचारलं. "मी?"

उरलेल्या तेरा गोळ्या मॅव्हिसनं सावकाश मारल्या. रविवार दोनदा डोकावला. तिनं त्याला ढकललं.

दुपारी घरी, पुन्हा सफरचंदांचा टॉवेल. नळी, ब्रश, चिंधी, एकेक थेंब. स्प्रिंग या वेळी तिनं पंजाखाली दाबून काढली, लबाड कुठली. सगळं जुळवल्यावर माशीकडे पाहिलं. ठिपका आता जवळजवळ गेलाच होता. न्हाणीघरातल्या कपाटात नेलपॉलिशची बाटली होती, रोंडाच्या लग्नातली, घट्ट झालेली, तिचं झाकण काही केल्या निघेना. मॅव्हिसनं झाकण डाव्या हातात धरलं, छातीजवळ, आणि उजव्या हातानं बाटली ढकलली. फिरली. अच्छा, म्हणजे हेही! ती एकटीच ओरडली. माशीवर ठिपका दिला, आणि ब्रश ओलाच होता म्हणून डाव्या अंगठ्याच्या नखालाही लावून टाकला. त्यानं काम केलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. रोंडा, तिच्या जेवणाच्या सुट्टीतून.

"किती झाले, आई?"

मॅव्हिसनं ओला अंगठा हवेत धरला. दोनशे म्हणायला दोन शब्दांचीही गरज नव्हती.

"तेरा."

"तेरा? दीडशे होते ना गेल्या मंगळवारी?"

"होते. एकशे सत्त्याऐंशीला अडकलं. माझ्या मुठीनं. मग तेरा."

पलीकडे इस्पितळाचा गलबला ऐकू येत होता, चाकांचा, भांड्यांचा. रोंडा काही बोलेना. ही शांतता मॅव्हिसला ठाऊक होती. ईस्टरपासून रोज ती या शांततेलाच घाबरत आली होती, आणि ती भरून काढायला घाईघाईनं वाट्टेल ते कबूल करून बसत होती. दोनशेचं वेड त्यातूनच तर आलं होतं.

"रविवारी ये," ती म्हणाली. "शब्द दिलाय तो दिलाय, खोलीचं बोलू. पण एक सांगते, मंगळवार मी सोडणार नाही. बांधाबांध झाली तरी गाडी काढून इथे येईन. मला चौदावी मारायचीय."

"आई, तू खरंच... तुला दोनशे सांगता आले असते."

"आले असते की."

पुन्हा शांतता. ही मात्र तिला नवीन वाटली. हिच्यात रोंडा पडद्यांचा विचार करत होती की आणखी कशाचा, ते कळत नव्हतं. मॅव्हिसनं रिसीव्हर खांद्यात दाबला, अंगठ्यावर हलकेच फुंकर घातली, आणि लेक काय म्हणते त्याची वाट पाहत उभी राहिली, अजिबात घाई न करता.