शिकंज्यातले शर्ट

मंदी म्हटलं की लोकांना बंद पडलेले कारखाने आठवतात, वर्तमानपत्रांतले आकडे आठवतात. बाइंडरच्या मुलीला वडिलांचे शर्ट आठवतात. छातीवर, पोटावर, बाह्यांवर चौकोनी घड्या असलेले, पाकिटातून नुकतेच काढल्यासारखे. वडील या वर्षी गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्या काळाबद्दल विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून जे आठवतं ते सांगून टाकलेलं बरं.

ती तेव्हा आठवीत होती. महिन्याची वीस तारीख उलटली की घरातलं बोलणं हळू आवाजात होई. दूध निम्म्यावर आलं होतं. बाबांच्या सिगरेटी बंद झाल्या होत्या, आणि वर्तमानपत्र वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं वाचून झालं की संध्याकाळी खाली येई. बाबांचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून. आत शिरताच खळीचा आंबूस वास यायचा. दाराशी लोखंडी शिकंजा होता. वरचं चाक फिरवलं की जाड फळी खाली येऊन दाबून बसे. ताज्या बांधलेल्या वह्या त्यात रात्रभर राहत आणि सकाळी ताठ होऊन बाहेर पडत. शेवटचा वेढा बाबा लेकीला फिरवू देत. "दोन्ही हातांनी, आणि श्वास सोडत," असं दर वेळी सांगत.

मंदी आली तशी सरकारने आधी एक परिपत्रक काढलं. कार्यालयांनी अनावश्यक खर्च टाळावा. बाबांचं निम्म्याहून जास्त काम सरकारी नोंदवह्यांचं. ते कचेरीत विचारायला गेले, तेव्हा ओळखीच्या हेडक्लार्कने टेबलावरचा स्टेपलर उचलून दाखवला.

"आता आम्हीच टाचतो, बाइंडर. वरून पुठ्ठा चिकटवतो. भागतं काम."

बाबा घरी आले ते धुमसतच. "भागतं म्हणे! वर्षभर उलटायची वही टाचणीवर टिकते का? आणि वर हसून सांगतो. त्याचं काय जातंय?"

"त्याचं कुठे काय जातंय," आई म्हणाली. "जातंय ते आपलं. हात धुऊन घ्या, गार होईल सगळं."

शिकंजा रिकामा राहू लागला. बाबांना तो बघवेना. आठवडाभर त्यांनी त्याला तेलपाणी केलं, मग एक दिवस स्वतःचा किंचित ओला शर्ट घडी घालून दोन पुठ्ठ्यांत ठेवला आणि चाक आवळलं. सकाळी शर्ट बाहेर आला तो कडक. इस्त्रीचा खर्च वाचला.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

आईने एकवार वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोस्टाचं तिकीट लावलं की पोहोचाल कुठेही."

पण कल्पना इमारतीत पसरली. मास्तर दोन शर्ट घेऊन आले. समोरची नर्स गणवेश घेऊन आली. मग उशांचे अभ्रे, शाळेचे फ्रॉक. बाबा कुणाकडून पैसा घेत नव्हते. त्यांच्या दुकानात पुन्हा वर्दळ सुरू झाली होती, पुन्हा कुणीतरी "झालं का हो?" असं विचारत होतं, आणि त्यांना तेवढं पुरत होतं. त्या पंधरवड्यात ते शीळ घालत, हे मुलीला पक्कं आठवतं.

एव्हाना सरकारने दुसरा उपाय काढला होता. प्रत्येक कुटुंबाला दहा कुपनं मिळाली. ती वस्तीतल्या छोट्या दुकानांत आणि कारागिरांकडे चालायची, आणि महिनाअखेर बाद व्हायची. बाबांनी ती शब्दकोशात घालून ठेवली.

"कठीण दिवसाला लागतील," ते म्हणाले.

"अहो, तीस तारखेनंतर ती रद्दी. कठीण दिवस काय तारीख बघून येणार आहे?"

"शेवटच्या आठवड्यात बघू."

इमारतीतल्या प्रत्येक घरात हेच चाललं होतं. कुणी कपाटात, कुणी गादीखाली. जपून ठेवायची सवय हाडीमासी खिळलेली, तिला तारीख काय समजणार?

जिन्याखाली इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल होतं. मुलीच्या जन्माआधीपासून. महिन्याच्या चोविसाव्या दिवशी मावशी दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाइंडरदादा, जाड पुठ्ठा मिळेल का एखादा? इस्त्री बांधायचीय."

"बांधायची? कुठे निघालात?"

"बहिणीकडे. तीस तारखेला टेबल उचलते. जागेचं भाडं द्यायला तरी सुटायला हवं ना."

"बहीण बोलावतेय?"

"ती कशाला बोलावतेय? तिच्या सुनेने दाराआडची जागा दाखवलीय, तेवढंच. बासष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या दाराआड."

बाबा हळहळले. "मंदीच तशी आलीय, मावशी. सगळ्यांची एकच गत. आता माझंच बघा, त्या कचेरीवाल्यांनी..."

"ऐकलंय. स्टेपलर." मावशींची नजर शिकंज्यावर गेली. दोन फळ्यांमधून मास्तरांच्या शर्टाची बाही बाहेर लोंबत होती. "माझा स्टेपलर हा इथे आहे, दादा."

बाबांनी ती बाही घाईने आत ढकलली.

"राग नाही हो तुमच्यावर. तुम्ही कुणाकडून पैसा घेतला नाहीत, तीच तर पंचाईत. पैसे घेत असतात तर मी दर उतरवला असता, जिन्यात उभी राहून भांडले असते. फुकटाशी कुणी कसं भांडायचं?"

त्यांनी पुठ्ठा स्वतःच निवडून घेतला आणि त्या गेल्या.

बाबा खुर्चीत बसले. आई मागच्या दारातून सगळं ऐकत होती. ती पुढे आली.

"मी वाचवत होतो गं," बाबा म्हणाले. "लोकांचंही वाचवत होतो."

"दूध कमी केलंत, सिगरेट सोडलीत, ते वाचवणं. त्याचा चटका तुम्हाला बसला. याचा कुणाला बसला?" आईचा आवाज चढला नव्हता. "कचेरीचं वाचलं ते आपलं गेलं. आपलं वाचलं ते मावशींचं. आता मावशी चहावाल्याचा चहा बंद करतील. अहो, या गल्लीत सगळे वाचवताहेत आणि सगळे बुडताहेत! आणि तुम्ही शीळ घालताय."

शेवटचं वाक्य लागलं. त्या हेडक्लार्कचं हसू बाबांना स्वतःच्या तोंडावर दिसलं असावं. ते उठले, त्यांनी चाक उलटं फिरवलं आणि कपड्यांचा गठ्ठा काखेत मारून ते जिना चढले. मुलगी मागोमाग. प्रत्येक दारात त्यांनी कपडे परत केले आणि एकच सांगितलं, "यापुढे शिकंज्यात वह्याच. कपडे मावशींकडे. कुपनं चालतात तिथे."

"अहो, पण मंदी आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय, मास्तर. सहा दिवसांत ही कुपनं मरतील, आणि मावशी जातील. दोन्हीचं कारण एकच, कुपनं तुमच्या कपाटात पडून आहेत."

मास्तरांनी घडीचा शर्ट उलटसुलट करून पाहिला. "खरं सांगू? परवा पोस्टाच्या पेटीजवळ उभं राहायची भीतीच वाटली मला." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुमच्याकडे चालतात का कुपनं? माझा एक कोश खिळखिळा झालाय."

"कुपनं घेणाऱ्यांच्या यादीत मी नावच नोंदवलं नाही. या दिवसांत पुस्तक कोण बांधून घेणार, असं वाटलं."

"विचारलंत कुणाला?"

दुसऱ्या दिवशी बाबा नाव नोंदवून आले. त्याआधी मात्र घरातले सगळे कपडे घेऊन मावशींच्या टेबलापाशी गेले. मावशींनी शर्ट उजेडात धरला आणि त्या चुकचुकल्या.

"या घड्या मोडायला दोनदा पाणी मारावं लागेल. जास्तीचं कुपन पडेल."

बाबांनी घासाघीस केली नाही. आईने ती तारीख लक्षात ठेवली, इतकं ते नवलाचं होतं.

तीस तारखेला टेबल उचललं गेलं नाही. मावशी पुढे नऊ वर्षं तिथेच होत्या. बाबांनी कचेरीला एक अर्ज लिहिला. 'आपण केलेली चूक मीही केली आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो,' अशी त्याची सुरुवात होती. चार महिन्यांनी निम्म्या नोंदवह्या परत आल्या. अर्जामुळे की नव्या परिपत्रकामुळे, कोण जाणे. दुधाचं माप मात्र वर्षभर निम्मंच राहिलं, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

आज पुन्हा घराघरांत खर्चाला कात्री लागते आहे. ती लावावीच लागते, सरकारलाही, आपल्यालाही. फक्त कात्री उचलताना कापड कुणाचं आहे ते पाहावं. बाबा हे अधिक साधं करून सांगत, शेवटच्या आजारपणातही, दुकानातून घरी औषधं आणून देणाऱ्या माणसाला बंद करू नकोस असं लेकीला बजावताना: "काटकसर आपल्या ताटातून सुरू करावी, पोरी. दुसऱ्याच्या ताटातून केली, तर तिचं नाव वेगळं."