एकोणीस नंबरचा व्हॉल्व्ह

तिच्या प्रबंधाचं नाव एका दमात वाचून होत नसे, म्हणून घरात ते कुणी उच्चारतच नसे. विषय तसा साधा होता. शंभर वर्षांपूर्वी दोन देशांनी मधली नदी सीमा म्हणून ठरवली आणि बत्तीस कलमांचा तह केला, त्या तहाचा इतिहास. सहा वर्षं ती त्या बत्तीस कलमांत बुडालेली होती. दादाने तर तिचं नावच ‘तहनामा’ ठेवलं होतं. "तहनामा, पानं घेतली आहेत," अशी हाक आली की ती कागद मिटून जेवायला यायची.

पदवी हातात आली आणि खरं घोडं तिथेच अडलं. विद्यापीठात जागा नव्हती. परराष्ट्र खात्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा वयात बसली नाही. बरोबरच्यांपैकी एक जहाजांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत लागला होता, कुठल्या बंदरावर कधी कुणाचा हक्क होता हे सांगायला. एकजण रेडिओच्या बातमी विभागात होती. तिसरा दुभाषा झाला होता आणि दोन मंत्र्यांच्या मध्ये बसून पोटात भूक घेऊन मेजवान्या बघायचा.

"म्हणजे कामं आहेत," वहिनी म्हणाली. "फक्त ती तुमच्या नावाने ओळखली जात नाहीत."

वहिनी कवळ्या बनवायची. पुढच्याच खोलीत तिचं काम चाले, आणि हातातल्या मेणात दात बसवता बसवता तिचं लक्ष टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर असे. एका सकाळी तिने बोटाने जाहिरात दाखवली. पाणीपुरवठा मंडळाला ‘जुना पत्रव्यवहार वाचू शकणारी व्यक्ती, तीन महिन्यांसाठी’ हवी होती.

"पाणीवाल्यांना जुनी पत्रं कशाला?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? जाऊन बघ."

नोकरीपेक्षा त्या प्रश्नानेच तिला घराबाहेर काढलं.

मुख्य अभियंत्यांनी तिची प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, मान आखडलेला माणूस. कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. ते तिला थेट पंपघरामागच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीलगत मनगटाएवढ्या नळांपासून माणूस मावेल एवढ्या नळांपर्यंत रांग होती. प्रत्येक व्हॉल्व्हवर नंबर होता. एकोणीस नंबरच्या चाकावर लाल रंगात लिहिलेलं होतं : ‘बंद करू नये.’

"हा नळ पुलाखालून नदीपलीकडे जातो," अभियंते म्हणाले. "दुसऱ्या देशात. आपल्या टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी दिवसरात्र तिकडे जातं. का जातं, ते कुणाला माहीत नाही."

"कुणालाच नाही?"

त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनकडे अंग वळवलं. त्याला सगळे काका म्हणत. काकांनी खांदे उडवले. "मला माझ्या आधीच्याने सांगितलं, याला हात लावायचा नाही. त्याला त्याच्या आधीच्याने. रंग फिका झाला की आम्ही नव्याने देतो."

आता सगळी यंत्रणा बदलायची होती. दीड महिन्यात ठेकेदाराची माणसं येणार होती आणि कायदा सल्लागाराचं म्हणणं होतं की कागद नसेल तर हा नळ वेल्डिंग करून कायमचा बुजवावा. अभियंत्यांना ते पटत नव्हतं. पण का पटत नाही हेही सांगता येत नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले, आणि आपण पाणीपुरवठ्यात आहोत हे आठवून स्वतःच हसले.

तिच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. ज्या तहावर तिने सहा वर्षं घालवली, त्याच तहाने ही नदी सीमा केली होती, आणि त्या बत्तीस कलमांत पाण्याचा शब्दही नव्हता. हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. उलट प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिने ठणकावून लिहिलं होतं की सीमा आखायला आलेले दोन्ही आयुक्त हे आपापल्या राजधानीचे निव्वळ होयबा होते, स्वतःच्या अकलेने त्यांनी काहीच केलं नाही.

मंडळाच्या तळघरातली दप्तरं तिने एकेक करून सोडली. नाकातोंडात धूळ, बोटं काळी. अकराव्या दिवशी सीमा आयोगाच्या रोजनिशीची एक प्रत हाती लागली. राजधानीच्या अभिलेखागारात तिने वाचली होती ती सुवाच्य प्रत होती. ही जागेवर खरडलेली होती आणि हिच्यात चार ओळी जास्त होत्या. ‘एक्केचाळिसावा दिवस. दोन्ही आयुक्त झऱ्यापर्यंत पायी गेले. पलीकडच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. बोलणं झालं. निर्णय सोबतच्या पत्रात.’

सोबतचं पत्र सोबत नव्हतं.

"मग संपलंच की," दादा जेवताना म्हणाला. "पत्र हरवलं."

"आपल्याकडचं हरवलं," ती म्हणाली. "पत्राला दोन टोकं असतात, दादा. आपण पाठवलेलं पत्र त्यांच्याकडे पोचलं असणार. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. एका बाजूचं दप्तर वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून ऐकणं."

"तुझ्या वहिनीच्या शेजारी बसलं तर तेवढ्यात सगळं कळतं," दादा म्हणाला, आणि वहिनीने त्याच्या पानात न विचारता कारल्याची आणखी एक फोड वाढली.

एका दिवसाचा परवाना काढून ती पूल ओलांडून पलीकडे गेली. तिकडचं पाणी खातं एका जुन्या गोदामात होतं. दप्तरदार पोक काढून चालणारा, कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे लावणारा गृहस्थ होता. तिने त्याच्या भाषेत नमस्कार केला आणि कामाचं सांगितलं. तो एकदम सावध झाला.

"कागद सापडला तर काय करणार? पाणी तोडणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. "अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "कागद नाही सापडला तर मात्र नक्की तोडतील."

मग त्याने कपाटातून कुठलातरी जुना कागद काढून पुढे सरकवला. "हे वाचून दाखवा."

शंभर वर्षांपूर्वीचं दरबारी वळण, एकात एक अडकलेली अक्षरं. तिने वाचलं. तिसऱ्या ओळीत त्याने तिला थांबवलं. "‘कृपा’ नाही, ‘कूप’. विहीर."

"बरोबर. चुकले."

ती चूक तिने अशी चटकन कबूल केली म्हणून असेल, किंवा त्या कपाटातलं काही वाचायला इतक्या वर्षांत कुणी आलंच नव्हतं म्हणून असेल, त्याने दुसरा चष्मा खाली ओढला आणि आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात निळ्या फितीने बांधलेलं दप्तर होतं.

पत्र दीड पानाचं होतं. खाली दोघांच्या सह्या. सीमा नदीवरून गेल्याने पलीकडच्या वस्तीचा गोड्या पाण्याचा झरा परदेशात गेला, ही गोष्ट राजधानीत बसून रेषा मारणाऱ्यांना कळलेली नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. म्हणून पलीकडे पाणी पिणारे लोक आहेत तोवर झऱ्याचा बारावा हिस्सा त्यांना मिळेल. आणि त्याच्या बदल्यात, नदी वरच्या अंगाला त्यांच्याच डोंगरांतून येते म्हणून, तिची पातळी रोज सकाळी अलीकडच्यांना कळवली जाईल, ‘म्हणजे पूर त्यांना बेसावध गाठणार नाही’. शेवटी एक ओळ होती : ‘दोन्ही सरकारांना सोयीची वेळ पाहून कळवू.’

"कळवलं का त्यांनी?" तिने विचारलं.

"शंभर वर्षांत सोयीची वेळ आली नाही," दप्तरदार म्हणाला, आणि दोघंही खळखळून हसले.

ती परत निघाली तेव्हा त्याने तिला नळाचं दुसरं टोक दाखवलं. गोदामामागे एका शाळेचं अंगण होतं, तिथे ओळीने सहा तोट्या. मुली ओंजळीने पाणी पीत होत्या. पाणी कुठून येतं असं तिने विचारलं तर एकीने आपल्याच डोंगराकडे बोट दाखवलं. तीही तोटीला तोंड लावून पाणी प्यायली. घरच्यासारखंच लागलं, आणि लागणारच होतं.

पूल ओलांडताना तिला आपल्या चौथ्या प्रकरणाची आठवण झाली. दोन होयबा! नोकरी पणाला लावून, दोन राजधान्यांना अंधारात ठेवून त्यांनी हे जुळवलं होतं. सहा वर्षांची मेहनत एका दीड पानी पत्राने खोटी पाडली होती. वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला पळत सुटावंसं वाटत होतं.

मंडळाच्या बैठकीत कायदा सल्लागाराने पत्राची नक्कल वाचली आणि टेबलावर ठेवली. "याला सरकारची मान्यता नाही. दोन अधिकाऱ्यांनी आपापसात केलेली गोष्ट आहे ही. आपण बांधील नाही."

"तह फक्त मोहोरेने टिकत नाही," ती म्हणाली. "दोन्ही बाजू काय करत राहिल्या, तेही बघतात. आपण शंभर वर्षं पाणी दिलं."

"आणि त्यांनी काय दिलं? नदीची पातळी? आपले स्वतःचे सेन्सर आहेत नदीत."

करार एकतर्फी झाला असेल तर सल्लागाराचं म्हणणं खरं होतं. ती उठली आणि सरळ पंपघरामागे गेली. काका डबा धूत होते.

"काका, पलीकडून कधी कुणी नदीचं काही कळवतं का हो?"

"कळवतात की. रोज सकाळी सातला फोन येतो. एक बाई असते. आकडा सांगते आणि ठेवते. माझ्या तरुणपणी बाप्या होता, त्याआधी म्हणे तार यायची."

"हे तुम्ही साहेबांना कधी सांगितलं नाहीत?"

"साहेबांनी कधी विचारलं नाही. आणि तो फोन तर आता काढणारच आहेत, नव्या यंत्रणेत." काकांनी हात पुसले. "चूक होईल ती. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात सेन्सर वाहून गेले तेव्हा पडद्यावर सगळं ठीकठाक दिसत होतं. त्या बाईचा आकडा ऐकून मी पुराचं पाणी सोडायची खालची दारं उघडली. कुणी विचारलं नाही, कशावरून उघडलीस."

काकांना तिने हाताला धरूनच बैठकीत आणलं. त्यांनी आकड्यांच्या वह्या आणल्या होत्या, पन्नासेक तरी, पुठ्ठे कुरतडलेल्या. एकही सकाळ सुटलेली नव्हती. अभियंत्यांनी अंग वळवून सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने पुराच्या तारखेचं पान काढलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "मग हे लिहून घ्यायला हवं. नीट."

नीट लिहायला सात आठवडे लागले. ठेकेदाराला दुसरी कामं आधी दिली. अभियंते स्वतः पलीकडे गेले, तिकडच्या खात्याच्या प्रमुखाबरोबर चहा प्यायले. इकडे नळ आणि तिकडे तो सकाळचा फोन, असा दोघंही आपापला अर्धा व्यवहार गुंडाळायच्या बेतात होते, हे कळल्यावर दोघंही ओशाळले. मसुदा दोन भाषांत झाला. एका शब्दावर आठवडाभर घोडं अडलं, कारण तिच्या भाषेतला ‘हिस्सा’ तिकडच्या भाषेत ‘भीक’ आणि ‘वाटणी’ यांच्या मधोमध पडत होता. शेवटी दप्तरदाराने एक जुना, शेतकऱ्यांच्या तोंडचा शब्द सुचवला. या खेपेला दोन्ही सरकारांनाही रीतसर कळवलं. त्यांची हरकत नव्हती. नेमकं काय चाललंय ते त्यांना कळलं होतं असंही दिसलं नाही.

तीन महिने संपले तेव्हा अभियंत्यांनी तिला थांबवून घ्यायचं ठरवलं. आस्थापना कारकुनापुढे मात्र पेच पडला. त्याच्या यादीत जोडारी होता, रसायनतज्ज्ञ होता, मीटर वाचणारा होता.

"पदनाम काय लिहू?"

"इतिहासकार," ती म्हणाली.

"पाणीपुरवठ्यात? लेखापरीक्षकाला झटका येईल." त्याने यादीवरून पेन फिरवलं. "‘गळतीशोधक’ रिकामं आहे. चालेल?"

तिने मान डोलावली. वहिनीने ते ऐकलं तेव्हा तिच्या हातातली कवळी हसता हसता मेणात वाकडी बसली. पुन्हा करावी लागली.

चौथं प्रकरण तिने नव्याने लिहायला घेतलं. ते अर्ध्यावर असताना एका सोमवारी भूमापन खात्याचा एक माणूस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काखेत नकाशाची गुंडाळी.

"त्या गळतीशोधक तुम्हीच ना? जुने कागद वाचणाऱ्या?" त्याने नकाशा उलगडला. खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात, नखाएवढं एक बेट होतं. त्याला कुठलाच रंग दिलेला नव्हता. "आमच्या नकाशात हे आमचं नाही. त्यांच्या नकाशात त्यांचं नाही. पण वर एक घर आहे आणि घराच्या दाराला नंबर आहे."

"कुठला नंबर?"

"तेच तर. कुणाच्याच यादीत बसत नाही."

तिने नकाशा खिडकीकडे वळवला आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांगा."