छातीवरचा बैल

तेसोप गेला त्याचा दुसरा दिवस. इस्पितळामागच्या शोकगृहात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. दाराशी बुटांचा ढीग, आत पांढऱ्या शेवंतीच्या फुलांत तेसोपचा फोटो. फोटोतही लेकाचा हसतच होता. बंदरावरची माणसं फोटोपुढे दोनदा वाकत, घरच्यांना भेटत, आणि मग बैठ्या टेबलांशी बसून तिखटजाळ सूप ओरपत त्याचेच किस्से सांगत.

"मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाला तोंडावर म्हणाला होता, साहेब, तुमचं भाषण आणि आमची कालवं सारखीच. उघडायला वेळ लागतो, आत निघतं एवढंसं."

लोक हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. कुणीतरी जुंगमानकडे वळलं. "दादा, तू तर बोटीवर त्याच्याबरोबरच होतास. शेवटी काय म्हणाला?"

"काही नाही," जुंगमान म्हणाला. "कामाच्या गडबडीत होतो."

हे तो कालपासून चौथ्यांदा सांगत होता.

एकतीस वर्षं दोघांनी एकाच बोटीवर कालवांनी लगडलेले दोर समुद्रातून ओढले होते. जुंगमानची बायको वारली त्या हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं होतं. तेसोप रोज पहाटे दाराशी उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "बाहेर येतोस, की मी आत येऊन तुझ्याशी लग्न लावू?" शेजारी खिडक्या उघडून हसायचे. जुंगमानला शरमेनं उठावंच लागायचं. असं सव्वा महिना चाललं.

साडेतीन वाजता तेसोपच्या बायकोनं, ओक्सिमनं, जुंगमानला बाजूला बोलावलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भावजी, दासोमला तुम्हीच समजवा. कालपासून एकच धोशा लावलाय, बाबांना आधी काहीतरी जाणवलं असणार म्हणते. नर्स आहे ना, डोक्यातून जातच नाही तिच्या. चार वाजता तोंड बघायला आत नेणार आहेत. त्याआधी सांगा तिला, एका झटक्यात गेले, काही कळलंसुद्धा नाही त्यांना. तेवढंच पोरीला बरं वाटेल."

"सांगतो, वहिनी," तो म्हणाला. वहिनीनंच खोटं हातात आणून दिलं होतं. आता ते फक्त पुढे करायचं होतं.

दासोम मागच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती. काळ्या पोशाखात ती अगदीच लहान दिसत होती. त्याला पाहताच सरळ झाली.

"आईनं पाठवलं ना?"

"हो."

"मग सांगा जे सांगायचंय ते."

जुंगमाननं तोंड उघडलं. समोरच्या पोरीचे डोळे थेट बापाचे. त्या डोळ्यांना त्यानं आजवर एकदाही थाप मारली नव्हती. मारली असती तरी पचली नसती.

"बोलला होता तो," जुंगमान म्हणाला. "सव्वाआठला. पहिला दोर वर घेतला तेव्हा. म्हणाला, छातीवर बैल बसलाय."

दासोम हलली नाही. "तुम्ही काय म्हणालात?"

"चारा घाल म्हणालो. दोघंही हसलो."

"पुढे?"

"आणखी दोन दोर ओढले. मग तो टोपलीवर टेकला. घाम फुटला होता. मी म्हणालो, नाटकं पुरे कर. उठला बिचारा. चौथ्या दोराला हात घातला आणि तोंडावर पडला."

"किती वाजले होते?"

"नऊला दहा कमी."

ती मनात हिशोब करत होती, हे त्याला दिसत होतं. तिनं ओरडावं, थोबाडीत मारावी, असं त्याला वाटत होतं. पण ती इस्पितळात बोलत असेल तशी शांतपणे बोलली.

"पस्तीस मिनिटं. तेवढ्यात बोट धक्क्याला लागली असती."

"हो."

"वाचले असते की नाही, ते मी नाही सांगू शकत. वाचले असतेही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी 'नसतेच वाचले' असं म्हणणार नाही, काका."

"नको म्हणूस."

बोळाच्या टोकाला शोकगृहाचा काळ्या सुटातला माणूस आत न्यायला येऊन थांबला, घड्याळाकडे पाहू लागला. दासोमनं त्याला हातानंच थांबायची खूण केली.

"आईला मी आजच सांगतो," जुंगमान म्हणाला.

"आज नको. उद्या सगळं उरकल्यावर. मी शेजारी असेन." मग ती जरा थांबून म्हणाली, "ते बैलाचं नीट सांगा. बाबा म्हणाले तसंच."

जुंगमाननं छातीवर तळवा दाबला, भुवया वर नेल्या आणि तेसोपच्या नाकातल्या आवाजात म्हणाला, "जुंगमान्या, छातीवर बैल बसलाय बघ. अगदी तुझ्यासारखा. जडही आहे आणि ऊठ म्हटलं की उठतही नाही."

दासोम फसकन हसली. मग ते हसू मध्येच मोडलं, आणि ती भिंतीला धरून खाली बसली. जुंगमान तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. तिला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तिनंच त्याची बाही धरली.

"आत चला," ती म्हणाली.

"आत घरचीच माणसं जातात, पोरी."

"माहीत आहे मला. चला."

आत तेसोप तागाच्या कापडात गुंडाळलेला होता, फक्त चेहरा उघडा. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एकतीस वर्षांत जुंगमाननं तो असा कधी पाहिला नव्हता. तिथं मात्र त्याचा बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओक्सिमला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उठून आतून दार लावून घेतलं. त्यानंतर बाजारात दिसली तरी रस्ता बदलायची. त्यानंही तिची वाट अडवली नाही.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी देवळात तेसोपला शेवटचा निरोप द्यायचा विधी होता. आदल्या संध्याकाळी दासोमचा फोन आला, "आईनं तुम्हाला बोलावलंय."

तो गेला, मागच्या खांबाशी उभा राहिला. मंत्र संपले, माणसं पांगली. ओक्सिमनं मागं न बघता आपली चटई थोडी सरकवली.

"बसा, भावजी. तो अख्खा दिवस मला सांगा. ते धक्क्यावर आले तिथपासून. काही गाळू नका."

जुंगमान बसला. "साडेपाचला आला," त्यानं सुरुवात केली, "आणि आल्या आल्या माझ्या टोपीला नावं ठेवली."