आर्नेचा आकडा

वेंडेलने हिरवी सळई व्हाइसच्या जबड्यात आवळली, तिच्यामागे पाइपचा तुकडा धरला आणि अंगठ्याने दाबत दाबत ती वळवली. बाक हवा तसाच आला. आकडा त्याने तळहातावर घेतला. वजन म्हणाल तर जवळजवळ नव्हतंच.

शनिवारी धनुष्यबाणाने करायच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. मचाणावर बसलं की धनुष्य, पिशवी, थर्मास सगळं हाताशी टांगलेलं लागतं. सरकारी जंगलात झाडाला स्क्रू मारायला बंदी, म्हणून खोडाला पट्टा बांधून त्यात आकडे अडकवायचे. दुकानातले आकडे लोखंडी असतात, आणि साठीतल्या गुडघ्यांना वीस फूट चढताना खिशातली चिल्लरसुद्धा जाणवते. इथला विस्कॉन्सिनचा माणूस बायकोचा वाढदिवस खुशाल विसरेल, पण पिशवीतलं वजन कमी करायला टूथब्रशचा दांडा कापून बसेल. वेंडेल त्यातलाच.

नमुना म्हणून समोर त्याच्या सासऱ्याचा, आर्नेचा, जुना आकडा होता. आर्नेला जाऊन सहा वर्षं झाली होती. खणखण होऊ नये म्हणून त्याने आकड्याला वरपासून खालपर्यंत काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. टोकाला बटणासारखं एक गोल बोंडूक होतं, त्यामुळे धनुष्य कधी घसरत नसे. असली हलकी सळई आर्नेने कुठून पैदा केली, हे वेंडेलला कधी उमगलं नव्हतं. आज सकाळी मात्र चर्चच्या सेलला द्यायच्या जुन्या सामानाच्या खोक्यात त्याला तशाच दोन मिळाल्या, बोंडकासकट. नशीब म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं.

"वेंडेल, आईच्या सुया बघितल्यास?" त्याची बायको जोलीन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"कसल्या सुया?"

"विणायच्या. हिरव्या. लोकर धुवायला काढली म्हणून पॅसेजमध्ये त्या खोक्यावर ठेवल्या होत्या."

"खोक्यावर की खोक्यात?"

जोलीनची नजर त्याच्या हाताकडे गेली होती.

वेंडेलनेही हातातला हिरवा आकडा बघितला. तिची आई, हिल्डा, गेल्या वर्षभरात एक शब्दही बोलली नव्हती. माणसं ओळखत नव्हती. फक्त विणत होती. एकाच राखाडी लोकरीची पट्टी ती आठवडाभर विणायची, रविवारी जोलीन ती उसवायची आणि सोमवारी परत पहिले टाके घालून द्यायची. सुया थांबल्या की म्हातारीची बोटं स्वतःच्याच मनगटाची साल काढायला लागत, अगदी रक्त येईपर्यंत. दोनदा नव्या सुया आणून बघितल्या होत्या. दोन्ही वेळा तिने त्या भिरकावून दिल्या.

"सरळ करतो," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "आत्ता करतो. एका मिनिटात."

त्याने आकडा पुन्हा व्हाइसमध्ये धरला आणि पकडीने उलटा ओढला. टक्. बाकातच तुकडा पडला. खरं तर त्याला हे माहीत होतं. थंड ॲल्युमिनियम एकदा वाकतं, दुसऱ्यांदा मोडतं. आयुष्यभर धातूत हात घातलेला माणूस तो, पण त्या क्षणी हातापुढे डोकं गेलंच नाही.

"किती मोडल्यास?"

"एकच. दुसरी आहे."

"वा," जोलीन म्हणाली. "म्हणजे अर्धी आई शिल्लक आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वेंडेल तुकडे, उरलेली सुई आणि आर्नेचा आकडा घेऊन तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. हिल्डा खिडकीपाशी टेबलाला बसली होती. उजव्या हाताची नखं डाव्या मनगटावर चालू झाली होती. जोलीनने तिचा हात धरला, तर तिने तो हिसडून सोडवला.

"तुझ्या बाबांसारखा करायला गेलो गं," वेंडेलने सगळं टेबलावर ठेवलं. "हे बघ. अगदी असाच."

"मला नको दाखवूस."

हिल्डाचा हात टेबलावर आला. तिने आर्नेचा आकडा उचलला आणि नखाने चिकटपट्टीची कड शोधली. मनगट सोडलं म्हणून दोघांनीही तिला अडवलं नाही. पट्टी जुनी, वाळलेली. फेर सुटत गेले आणि काळ्याखालून हिरवं दिसू लागलं.

वेंडेल बघतच राहिला.

शेवटचा फेर निघाला. बोंडकावर सुईच्या मापाचा आकडा कोरलेला होता, आठ. टेबलावरच्या तुकड्याच्या बोंडकावरही आठच होता. हिल्डाने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि मान वर करून थेट वेंडेलकडे पाहिलं.

"आर्ने," ती म्हणाली. "परत?"

जोलीन गर्रकन आईकडे वळली. आवाज खरखरीत होता, पण तिच्या आईचाच होता. वर्षभर ती ज्याची वाट बघत होती, तो आवाज आला होता आणि तो रागावलेला होता.

"एका सुईवर काय तुझं डोकं विणू?"

हिल्डा वेंडेलकडे बघत थांबली. मग तिची नजर ढळायला लागली, बोटं पुन्हा मनगटाकडे सरकली.

"बोल ना," जोलीन कुजबुजली. "वेंडेल, काहीही बोल. गप्प बसू नकोस."

वेंडेलने टेबलावरची शाबूत सुई उचलली.

"मग हीसुद्धा नेऊ का, हिल्डा?"

म्हातारीने ती त्याच्या हातातून खसकन ओढून घेतली आणि छातीशी धरली.

"हात तर लावून बघ!"