माझ्या सावलीत हळद पिकते

मी सौर पॅनेल बोलतोय. रायपूरजवळच्या बीरगावच्या पुढे, जिथे कारखान्यांची धुराडी मागे पडतात आणि धानाचे बांध सुरू होतात, तिथल्या एका शेतात मी उभा आहे. आधीच सांगून टाकतो, मला कोणी 'शेत गिळणारी काच' म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. माझ्याखाली येऊन बघा आणि मग बोला.

माझा जन्म कारखान्यातला. सिलिकॉनच्या पातळ चकत्या, वर जाड काच आणि कडेनं ॲल्युमिनियमची चौकट, एवढाच माझा देह. खोक्यात बांधून मला ट्रकनं रायपूरला आणलं. कुठल्यातरी छतावर पडून आयुष्य जाणार, असं मी धरून चाललो होतो.

पण नशिबात शांताबाई होती.

शेत तिच्या नवऱ्याचं, भैय्यालालजींचं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेनं ही जमीन घेतली. हौस त्यांची, राबणं शांताबाईचं. मुलगी दीक्षा रायपुरात शंकर नगरच्या एका ऑफिसात आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

मी येण्याआधी एक खासगी कंपनी ही जमीन भाड्यानं मागत होती. त्यांचा माणूस चारुदत्त नीटनेटका आणि गोड बोलणारा होता. "काकू, जमीन सपाट करू, वर गिट्टी टाकू. पॅनेल अगदी जमिनीलगत बसतील. गवतावर औषध मारलं की तुम्हाला काही बघायला नको."

"म्हंजे मातीले मारूनच टाकसान," शांताबाई म्हणाली.

"अवं, घरबसल्या भाडं भेटन," भैय्यालालजी म्हणाले. "तुये गुडघे दुखतेत. काहून जिद्द करून राहिली?"

"गुडघे माये हायेत. दुखू द्या."

मग दीक्षानंच मार्ग काढला. उंच लोखंडी खांबांवर पॅनेल बसवायचे, खाली शेती आणि वर वीज. खांब किती उंच, यावर फिटरशी वाद झाला. शांताबाईनं डोक्यावर भारा घेतला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. "असी जाता आली पाह्यजे मले. वाकून नाही."

त्या उंचीवर मला चढवलं. पहिल्या दिवशी मोटर माझ्या विजेवर चालली, तेव्हा भैय्यालालजींनी पाइपातून येणारं पाणी ओंजळीत धरून तोंडावर मारलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पावसाळ्यात माझ्याखाली धान लावलं आणि माझा माज उतरला. आम्ही दाटीनं बसलो होतो. खाली धान उंच वाढलं, पण फिकट, लोळणारं. लोंब्या निघाल्या त्या पोचट. शेजारपाजारचे बांधावर येऊन बघायचे आणि हसायचे. भैय्यालालजींनी एक लोंबी हातात चोळली, फुंकली. तळहातावर काहीच उरलं नाही.

"घे," ते शांताबाईला म्हणाले. "सूर्य याइनं खाल्ला, आपल्याले फोलपट."

तेव्हा मला फार लागलं. मी चोर नव्हतो. मला जिथे बसवलं तिथे मी बसलो होतो.

चारुदत्त पुन्हा आला. "मी म्हणत होतोच, काकू. दोन्ही एका जमिनीत नाही होत. आता तरी शेतीचा नाद सोडा."

दुसऱ्या दिवशी शांताबाई सकाळपासून शेतातच बसून राहिली. आमच्या सावल्या एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे सरकत होत्या, ती बघत होती. संध्याकाळी दीक्षा आली तेव्हा म्हणाली, "याइची दाटी झाली. धानाले उजेडच नाही पुरला."

"तो बीच-बीच की एक लाइन निकाल देते हैं, माँ. पर बिजली कम बनेगी."

"कमी बनू दे. आन् धान उघड्या वावरात लावू. सावलीत सावलीचं पीक. हळद लावू, सांबार लावू." सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.

भैय्यालालजी चिडले. एवढ्या खटपटीनं लावलेलं आता काढायचं? पण रांगा निघाल्या. माझा शेजारी गेला, घराच्या छतावर. मी राहिलो. मला कमी वीज करण्याची लाज वाटली नाही. एकट्यानं सगळं ऊन पिण्यापेक्षा वाटून घेणं मला जमलं, हे मी छाती काढून सांगतो.

उन्हाळा आला. आजूबाजूची वावरं भाजून निघाली. माझ्याखाली मात्र लाल भाजी आणि सांबार टवटवीत उभी होती. कारखान्यांची काळी धूळ रोज माझ्या अंगावर बसायची. शांताबाई पाइप धरून मला धुवायची आणि तेच पाणी खालच्या वाफ्यांत जायचं. हसणारे शेजारी पिशव्या घेऊन यायला लागले.

मग ते वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं, वारा असा सुटला की माझी अख्खी रांग करकरली. दोन खांब वाकले, नट तुटले आणि मी उंचावरून खाली आलो, तोंडावर.

मला वाटलं, संपलं.

पण खाली गिट्टीचे दगड नव्हते. हळद लावायला शांताबाईनं ती जागा नुकतीच खोल खणून भुसभुशीत केली होती. मी मऊ मातीत रुतलो. दूरच्या एका शेतात चारुदत्तच्या कंपनीनं गिट्टीवर आमच्याच जातीचे पॅनेल लावले होते. वाऱ्यानं उखडले तेवढ्यांचा चुरा झाला. मला मात्र शेणखताचा वास येत होता. मला त्याचा अभिमान आहे.

वारा-पाऊस थांबल्यावर भैय्यालालजी चिखलातून धावत आले. त्यांनी आणि शांताबाईनं मिळून मला उलटं केलं. दीक्षानं पदराच्या... नाही, ती पदर घेत नाही, ओढणीच्या टोकानं माती पुसली.

"काच साबुत है, बाबा!"

भैय्यालालजी खालीच बसले. "मातीनं वाचवलं रे तुले," ते मला म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलले. फिटरनं मला तपासलं, तारा पाहिल्या, खांबांना आडवे टेकू दिले आणि पुन्हा वर चढवलं. चौकटीचा एक कोपरा चेपला, तो तसाच आहे.

आता गावात त्याच कंपनीचा नवीन प्रस्ताव आलाय. या बाजूची सगळी शेतं एकत्र भाड्यानं घ्यायची, गिट्टी टाकायची, कुंपण घालायचं. परवा चारुदत्त नकाशा घेऊन आला आणि माझ्याच सावलीत उभा राहिला. बाहेर ऊन होतं ना.

"सगळे तयार आहेत, काका. तुमचा एकट्याचाच तुकडा मध्ये येतो."

शांताबाई तोंड उघडणार तोच भैय्यालालजी बोलले. "मंधात येते तर येऊ द्या. आमी नाही हटत. आन् सगळे तयार नाही हायेत, भाऊ. पलीकडचे दोघं काल मले खांबाची उंची इचारून गेले."

"हव," शांताबाई होकार भरत म्हणाली आणि खुरपं घेऊन हळदीत शिरली.

चारुदत्त जाताना माझ्याकडे वर पाहून म्हणाला, "किती दिवस टिकणार हे?"

त्याला ऐकू गेलं नसेल, पण मी उत्तर दिलं, ते तुम्ही ऐका. मी म्हातारा होईन, माझी वीज दरसाल थोडी कमी होत जाईल. एक दिवस मला उतरवतील. त्या दिवशी माझ्याखाली नांगर धरता येईल अशी जमीन असेल. आम्हाला तुमच्या शेतात जरूर बसवा. पण आमच्या नावाखाली माती मारू नका. ते पाप तुमचं असेल, माझ्यावर ढकलू देणार नाही.

बाजूला व्हा आता. ढग सरकलाय, मोटर सुरू करायची आहे.